स्क्रीन प्रिंटिंगची फ्रेम एक्स्पोज करायला कोणता दिवा वापरावा? ऊन, ट्यूब की एलईडी?

मार्च ते मे आंब्याची खोकी आणि लग्नपत्रिका. जुलै-ऑगस्टमध्ये दहीहंडीचे टी-शर्ट. गणपतीच्या आधी मंडळांच्या टोप्या. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आल्यापासून वर्षभर कापडी पिशव्या. रत्नागिरीसारख्या गावातल्या छोट्या छपाई व्यवसायाचे वर्ष साधारण असे जाते. यातले बरेच काम अजूनही स्क्रीन प्रिंटिंगने होते, कारण दोन-तीनशे नगांसाठी मोठ्या मशीनची प्लेट बनवणे परवडत नाही. एक लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, तिच्यावर ताणलेली जाळी, शाई, स्क्वीजी, एवढ्यावर काम भागते.

या कामात फसण्याची जागा एकच: फ्रेम ‘उठवणे’, म्हणजे जाळीवर मजकुराचा साचा तयार करणे. हे काम प्रकाशाने होते. आणि नेमक्या याच ठिकाणी सध्या अनेकांची गाडी अडते. लाकडी पेटी, आत चार-सहा ट्यूबलाइट, वर काच, अशी घरगुती एक्स्पोजिंगची पेटी वर्षानुवर्षे नीट चाललेली असते. एक दिवस ट्यूब जाते. दुकानात जुन्या पद्धतीची ट्यूब मिळत नाही, म्हणून एलईडी ट्यूब बसवली जाते. उजेड पहिल्यापेक्षा जास्त पडतो, पण फ्रेम पाण्याखाली धरली की अक्षरांबरोबर सगळा थर वाहून जातो. मग इमल्शन शिळे निघाले, असे म्हणून दुकानदाराशी वाद होतो. दोष बहुतेक वेळा इमल्शनचा नसतो.

जाळीवर नेमके काय घडते?

जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असा पातळ थर दिला जातो. त्याला इमल्शन म्हणतात. थर वाळला की त्यावर पॉझिटिव्ह ठेवायचा, म्हणजे ट्रेसिंग पेपरवर किंवा पारदर्शक फिल्मवर गडद काळ्या रंगात छापलेला मजकूर. मग प्रकाश द्यायचा. जिथे प्रकाश पोचतो तिथे थर कडक होतो आणि पाण्यात विरघळत नाही. काळ्या अक्षरांखाली तो मऊ राहतो, पाण्याने धुऊन निघतो आणि तेवढी जाळी मोकळी होते. छापताना शाई त्या मोकळ्या जागेतूनच खाली उतरते.

ही युक्ती बरीच जुनी आहे. पोटॅशियम बायक्रोमेट लावलेला कागद उजेडात बदलतो, हे स्कॉटलंडच्या मंगो पाँटन यांनी १८३९ मध्ये दाखवले. बायक्रोमेट मिसळलेले जिलेटिन उजेडाने कडक होते, या गुणाचा उपयोग फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ मध्ये छपाईच्या धातूच्या प्लेटसाठी केला. चित्रांचे ठसे बनवण्याचा सारा धंदा पुढे याच रसायनावर उभा राहिला. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके ज्या छपाईच्या व्यवसायात होते, तो हाच.

आज बाजारात तीन प्रकारची इमल्शन मिळतात. बायक्रोमेटवर चालणारी जुनी आणि स्वस्त, डायझो पावडर मिसळून वापरायची, आणि तयार मिळणारी फोटोपॉलिमर, जिला एसबीक्यू असेही म्हणतात. दिवा निवडण्याआधी यातले कोणते वापरायचे हे ठरलेले असावे, कारण तिघांची प्रकाशाची आवड वेगळी आहे.

भरपूर उजेड असूनही फ्रेम का उठत नाही?

कारण इमल्शनला जो प्रकाश हवा असतो, तो डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. प्रकाशाची तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा पट्टा दिसतो आणि त्यातही हिरवा-पिवळा, म्हणजे ५५०च्या आसपासचा, सर्वांत तेजस्वी वाटतो. इमल्शन काम करते ते मुख्यतः ३५० ते ४२० या पट्ट्यात. हा जांभळ्या टोकाचा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश, बोलीभाषेत यूव्ही. बायक्रोमेटला त्यापुढचा निळा प्रकाशही थोडाफार चालतो. डायझो आणि फोटोपॉलिमरला तो फारसा उपयोगी नाही.

पांढऱ्या एलईडीच्या आत असतो साधारण ४५० नॅनोमीटरचा निळा एलईडी, आणि त्यावर निळ्यातला बराचसा भाग पिवळ्यात बदलणारा लेप. यूव्ही त्यात जवळपास नसतेच. जुन्या फ्लोरोसंट ट्यूबमध्ये मात्र पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरच्या ठळक रेषा बाहेर पडतात, शिवाय ३६५ची थोडी यूव्हीही निसटते. बायक्रोमेटची फ्रेम या ‘गळती’वर उठत होती. घरात उजेड पाडण्यासाठी बनवलेली ट्यूब छपाईला उपयोगी पडत होती ती तिच्या या दोषामुळे, आणि नव्या एलईडी ट्यूबमध्ये तो दोष उरलेला नाही.

हे संकट पुढेही टळणारे नाही. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा घालणाऱ्या मिनामाता कराराच्या २०२३ मधल्या जिनिव्हा बैठकीत, सामान्य उजेडासाठीच्या फ्लोरोसंट ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरले. भारत या करारात आहे. म्हणजे पेटीतली उरलेली ट्यूबही एक दिवस बदलावी लागणारच.

फुकटचा दिवा: रत्नागिरीचे ऊन

सूर्यप्रकाशात यूव्ही मुबलक असते आणि रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ते इथे वर्षातला बराच काळ जोरदार मिळते. मे महिन्याच्या पूर्वार्धात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस तो भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ५० अंश वर असतो. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात फोटोपॉलिमरची फ्रेम काही सेकंदांत, तर डायझोची एक-दोन मिनिटांत उठू शकते.

उन्हाचा दुसरा गुण म्हणजे ते एका दिशेने येते. आकाशात सूर्याचे बिंब अवघे अर्ध्या अंशाचे दिसते, म्हणून सावलीची कड धारदार पडते. याचा फायदा बारीक अक्षरांना कसा होतो, ते पुढे येईल.

अडचण आहे ती भरवशाची. सकाळी नऊचे आणि दुपारी एकचे ऊन डोळ्याला सारखे वाटले तरी यूव्हीत मोठा फरक असतो, कारण कललेल्या सूर्याच्या किरणांना हवेचा जाड थर पार करावा लागतो आणि यूव्ही त्यात जास्त विखुरते. मध्येच ढग आला तर हिशेब चुकतो. म्हणून उन्हावर काम करायचे तर दररोज ठरावीक वेळी, शक्यतो अकरा ते दोनमध्ये करावे आणि फ्रेम सपाट न ठेवता सूर्याकडे तोंड करून कलती धरावी. नेताना-आणताना तिच्यावर काळे कापड हवे.

आणि जून ते सप्टेंबर? वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या किनाऱ्यावर तो बहुतेक सगळा या चार महिन्यांत कोसळतो. दहीहंडी आणि गणपतीच्या कामाची गर्दी नेमकी तेव्हाच. त्यामुळे फक्त उन्हावर धंदा होत नाही. तरीही उन्हाची वेळ माहीत असणे वाया जात नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. अशा वेळी उन्हाशिवाय दुसरा दिवा नसतो.

जुनी पेटी टाकायची की ठेवायची?

ठेवावी. फक्त ट्यूब बदलावी. मिठाईच्या दुकानात किंवा हॉटेलात माशा पकडणारे यंत्र लावलेले असते. त्यातली निळसर ट्यूब साधारण ३६५ नॅनोमीटरला सर्वांत जास्त प्रकाश देते, कारण माशांना ती तरंगलांबी खेचून घेते. इमल्शनलाही तीच लागते. नोटा तपासायच्या यंत्रातली गडद जांभळ्या काचेची ट्यूबही याच जातीची. या ट्यूब पूर्वीच्याच चोक-स्टार्टरवर चालतात, वॅट मात्र जुळले पाहिजेत. मध्यंतरी एलईडी ट्यूबसाठी चोक काढून थेट जोडणी केली असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून ती पूर्ववत करून घ्यावी. चोकशिवाय फ्लोरोसंट ट्यूब लावणे धोक्याचे आहे.

पेटी करताना एक साधा नियम पाळावा: दोन ट्यूबमधले अंतर हे ट्यूब आणि काच यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त नको. नाहीतर फ्रेमवर पट्टे उमटतात, ट्यूबच्या वर कडक आणि मधल्या जागेत मऊ. आतून पांढरा रंग किंवा चकचकीत पत्रा लावल्यास प्रकाश वाढतो. ट्यूब पेटवून दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्यावी आणि मगच फ्रेम ठेवावी. व्होल्टेज पडलेले असेल तर वेळ वाढवावी लागते, हे कोकणात संध्याकाळी काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ट्यूब जुनी झाली की तिचा यूव्ही आधी घटतो आणि दिसणारा उजेड तसाच राहतो. त्यामुळे ‘ट्यूब तर पेटते आहे’ हा पुरावा नव्हे.

काचेबद्दलही एक इशारा. साध्या पाच-सहा मिलिमीटरच्या काचेतून कामाची यूव्ही बऱ्यापैकी पार होते. काच फुटली म्हणून तिच्या जागी पॉलिकार्बोनेटची शीट किंवा गाडीच्या पुढच्या काचेसारखी थर चिकटवलेली काच बसवली, तर नेमकी हवी ती यूव्ही अडते. अ‍ॅक्रिलिकच्या बऱ्याच शीटमध्येही यूव्ही रोखणारे द्रव्य असते.

बारीक अक्षरे का बुजतात?

ट्यूबच्या पेटीची खरी मर्यादा इथे आहे. एक प्रयोग घरात करून बघता येतो. ट्यूबलाइटखाली कागदापासून चार बोटे वर पेन्सिल आडवी धरली तर सावली धूसर पडते. तीच पेन्सिल उन्हात धरली की सावली रेखीव. ट्यूब लांब-रुंद असल्याने प्रकाश अनेक कोनांतून येतो आणि अक्षराच्या कडेखाली घुसतो. जिथे थर मऊ राहायला हवा तिथे थोडा कडक होतो. मोठ्या अक्षरांत हे जाणवत नाही. पण कोकम सरबताच्या किंवा आंबापोळीच्या वेष्टनावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापायचा असला की ८ आणि ३ यांतला फरक दिसेनासा होतो. आंब्याच्या खोक्यावर मोठ्ठे ‘हापूस’ पेटीवरही छान उठते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर खोक्यावर त्याचे चिन्ह आणि नोंदणीचा बारीक मजकूरही येऊ लागला, आणि तिथे पेटी कमी पडते. ठिपक्यांच्या छायाचित्रासाठीही तेच.

अशा कामाला प्रकाश एका बिंदूतून यायला हवा. उघडा मर्क्युरी दिवा, मेटल हॅलाइड, किंवा एकाच चिपचा यूव्ही एलईडी हे त्यातले पर्याय. दिवा बदलण्याआधी मात्र पॉझिटिव्ह आणि जाळी एकमेकांना घट्ट चिकटतात का ते बघावे. मध्ये फट असली की बिंदूदिवाही धूसर सावली पाडतो. पॉझिटिव्हची छापलेली बाजू इमल्शनला टेकलेली असावी, म्हणजे मध्ये कागदाची जाडी येत नाही. आणि फ्रेमच्या आतून काळे कापड, स्पंजचा तुकडा आणि वर वजन, एवढा देशी उपाय महागड्या व्हॅक्यूमच्या बराच जवळ जातो.

हॅलोजन, मर्क्युरी, मेटल हॅलाइड

हॅलोजनच्या फ्लडलाइटचा सल्ला जुन्या पुस्तकांत सर्रास मिळतो. आता तो मनावर घेऊ नये. हजार वॅटचा हॅलोजन मुख्यतः उष्णता देतो, यूव्ही अगदी थोडी. काच तापते, पॉझिटिव्ह वाकडा होतो, आणि बराच वेळ थांबावे लागते. विजेचा खर्च हे त्याविरुद्धचे मोठे कारण नाही. हजार वॅट दहा मिनिटे म्हणजे युनिटचा सहावा भाग. उष्णता हेच कारण.

मर्क्युरी व्हेपर दिवा, म्हणजे पूर्वी रस्त्यावर असायचा तो पांढरा-निळसर, ३६५, ४०५ आणि ४३६ या तिन्ही रेषा देतो. तो चांगले काम करतो, पण पूर्ण तेजाला यायला काही मिनिटे घेतो आणि विझवल्यावर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्यामुळे दिवा चालू ठेवून मध्ये झडप लावावी लागते. जास्त यूव्ही मिळावी म्हणून त्याचे बाहेरचे काचेचे आवरण फोडण्याची एक ‘जुगाड’ सांगितली जाते. ती कोणीही करू नये. ते आवरण डोळे आणि त्वचा भाजणारी घातक यूव्ही-सी अडवत असते.

मेटल हॅलाइड हा मोठ्या छापखान्यांचा दिवा. सगळ्या प्रकारच्या इमल्शनला पुरेल असा रुंद पट्टा देतो, पण महिन्याला वीस-पंचवीस फ्रेम उठवणाऱ्याने त्यात पैसे अडकवायचे कारण नाही.

यूव्ही एलईडी घेताना काय बघावे?

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आज हाच पर्याय सर्वांत सोयीचा. लगेच पेटतो, गरम व्हायची वाट बघावी लागत नाही, व्होल्टेज वर-खाली झाले तरी बहुतेक ड्रायव्हर ते सांभाळून घेतात. बाजारात ३६५, ३८५, ३९५ आणि ४०५ नॅनोमीटरचे दिवे मिळतात. ३९५-४०५चे स्वस्त असतात आणि बहुतेक डायझो व फोटोपॉलिमर इमल्शनला पुरतात. डायझो आणि फोटोपॉलिमर दोन्ही असलेल्या मिश्र इमल्शनला ३६५ अधिक मानवतो. इमल्शनच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात तरंगलांबी दिलेली असते, ती जुळवून मगच दिवा घ्यावा.

‘यूव्ही’ असे लिहिलेला प्रत्येक जांभळा दिवा यूव्ही नसतो. पार्टीत लावायचे काही दिवे नुसते जांभळे असतात. ओळखायला सोपी चाचणी: अंधारात नोटेवर दिवा धरावा. भारतीय नोटेचा क्रमांक आणि तिच्यातले बारीक धागे यूव्हीखाली चमकतात. चमकले नाहीत तर दिवा परत करावा. नखांचे जेल वाळवायचा छोटा दिवाही यूव्हीच देतो, आणि व्हिजिटिंग कार्डाएवढी फ्रेम त्यावर उठते. मात्र करोनाकाळात घेतलेली निर्जंतुकीकरणाची यूव्ही पेटी इथे कामाची नाही. ती २५४ नॅनोमीटरची. तो प्रकाश काचेतून पार होत नाही आणि उघडा वापरला तर डोळ्यांना इजा करतो.

एका चिपच्या फ्लडलाइटला अंतर द्यावे लागते, ते किती? नियम असा की निदान फ्रेमच्या कर्णाइतके. १२ बाय १६ इंचाच्या फ्रेमचा कर्ण २० इंच. सगळीकडे सारखा प्रकाश टाकणारा दिवा २० इंचांवर असेल, तर कोपऱ्यांत मध्याच्या सुमारे ७२ टक्के प्रकाश पोचतो. तोच दिवा १० इंचांवर आणला तर अवघा ३५ टक्के, म्हणजे मध्यभागी अक्षरे बुजलेली आणि कोपऱ्यांत थर सुटलेला. पण अंतराची किंमत वेळेत मोजावी लागते. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट: १० इंचांवर एक मिनिट लागत असेल तर २० इंचांवर चार मिनिटे. ट्यूबच्या पेटीला हे गणित लागू नाही, तिथे प्रकाश सगळ्या बाजूंनी येतो.

३९५चा दिवा डोळ्याला मिणमिणता वाटतो, म्हणून लोक त्याकडे टक लावून बघतात. तसे करू नये. पेटीला काळा पडदा लावावा.

पावसाळ्यात दिवा तोच, तरी फ्रेम का बिघडते?

कारण थर वाळलेला नसतो. जुलैत रत्नागिरीच्या हवेत इतका ओलावा असतो की वरून कोरडा वाटणारा थर आत ओलसरच राहतो आणि ओला थर प्रकाशाने नीट कडक होत नाही. लक्षणे कमी एक्स्पोजरचीच दिसतात: धुताना आतल्या बाजूने चिकट पाणी सुटते, छापताना बारीक छिद्रे पडतात. वेळ वाढवून उपयोग होत नाही, उलट अक्षरे बुजतात. बंद कपाटात छोटा हीटर किंवा साधा पिवळा बल्ब, बारीक पंखा आणि रात्रभर वेळ, हा उपाय नव्या दिव्यापेक्षा स्वस्त आहे. बायक्रोमेटचा थर मात्र फार वेळ ठेवता येत नाही. दमट उष्णतेत तो अंधारातही आपोआप कडक होत जातो, त्यामुळे वाळल्याबरोबर त्याच दिवशी वापरावा लागतो.

वेळ किती द्यायची?

दुसऱ्याने सांगितलेली वेळ वापरू नये. दिवा, अंतर, काच, जाळी, थराची जाडी यांतले काहीही बदलले की वेळ बदलते. पिवळ्या जाळीला पांढऱ्यापेक्षा साधारण दीडपट ते दुप्पट वेळ लागतो, पण ती प्रकाश कमी पसरवते म्हणून बारीक कामाला तीच बरी. चाचणी अशी करतात: पॉझिटिव्हवर बारीक-मोठी अक्षरे आणि रेघा असाव्यात. आधी पूर्ण फ्रेमला एक मिनिट द्यावे. मग पुठ्ठ्याने एक पट्टी झाकून आणखी एक मिनिट, पुढची पट्टी झाकून आणखी दोन, त्यानंतर चार. अशा चार पट्ट्या १, २, ४ आणि ८ मिनिटांच्या तयार होतात. जोरदार एलईडीसाठी हेच मिनिटांऐवजी १५ सेकंदांच्या हिशेबाने. धुतल्यावर ज्या पट्टीत थर घट्ट आहे आणि बारीक रेघही मोकळी आहे, ती आपली वेळ. दोन पट्ट्यांच्या मधली वाटली तर त्या टप्प्यात पुन्हा एकदा चाचणी करावी. डायझोत आणखी एक खूण मिळते. धुऊन झाल्यावर थरात पिवळट झाक उरली असेल तर वेळ कमी पडली आहे.

बायक्रोमेट वापरणाऱ्यांनी धुण्याच्या पाण्याचाही विचार करावा. त्यातले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे. त्वचेवरच्या छोट्या जखमेत गेले तर ती लवकर भरत नाही. युरोपीय संघात २०१७ पासून ते खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. परसात धुतलेल्या फ्रेमचे पिवळे पाणी कोकणातल्या जांभ्यातून झिरपत विहिरीकडे जायला फार वेळ लागत नाही. डायझो किंवा फोटोपॉलिमरचा डबा महाग पडतो, हे खरे. पण यूव्ही ट्यूब किंवा एलईडी घेतल्यावर बायक्रोमेटवर अडून राहण्याचे कारण उरत नाही, कारण पांढऱ्या ट्यूबच्या अपुऱ्या प्रकाशात उठत होते ते तेवढेच एक इमल्शन होते.